खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये माशांवर पांढरे ठिपके दिसले तर काय करायचं

माशावर पांढरे ठिपके दिसले की बहुतेक जण पहिला फोन दुकानदाराला करतात, आणि दुकानदार निळ्या नाहीतर हिरव्या औषधाची बाटली हातात ठेवतो. ती बाटली बहुतेक वेळा गोड्या पाण्याच्या टँकसाठी असते. सोबत सल्ले फुकट मिळतात: हीटर वाढवा, खाण्याला लसूण लावा, क्लीनर श्रिंप सोडा. चार-पाच दिवसांत ठिपके जातात, सगळे निःश्वास टाकतात, आणि पंधरवड्याच्या आत पहिल्यापेक्षा तिप्पट ठिपके घेऊन रोग परत येतो.

तो पहिला फोन करायच्या आधी हा लेख वाचा. तुम्ही नुकताच मरीन टँक लावलाय, दोन क्लाउनफिश, एखादा टँग, एक-दोन डॅमसेल आहेत आणि काहीतरी बिनसलंय अशी शंका आहे, असं धरून लिहिते आहे. मी पशुवैद्य नाही, या छंदातच शिकत गेले. त्यामुळे औषधांच्या मात्रा देताना तुमच्या बाटलीवरचं लेबल आधी, माझं सांगणं नंतर, हे लक्षात ठेवा.

१. आधी या परजीवीचं चक्र समजून घ्या

पांढऱ्या ठिपक्यांच्या या रोगाला छंदात 'इच' म्हणतात. खाऱ्या पाण्यातल्या 'इच'चं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली घुसतो आणि तीन ते सात दिवस तिथे बसून खातो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे हा खाणारा जीव. पोट भरलं की तो मासा सोडतो, वाळूवर, दगडावर, काचेवर, अगदी गोगलगाईच्या शंखावरही चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. आत विभाजन सुरू होतं. एका कवचातून दोनशेच्या आसपास पिल्लं बाहेर पडू शकतात. ती पोहत मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात.

आता यातून निघणाऱ्या तीन गोष्टी बघा, कारण पुढचा सगळा उपचार यांवरच उभा आहे.

ठिपके गेले याचा अर्थ परजीवी मासा सोडून खाली वाढायला गेला. तो मेलेला नाही. म्हणून 'अमुक औषध टाकलं आणि चौथ्या दिवशी मासा स्वच्छ' या गोष्टीला काडीची किंमत नाही. काहीही टाकलं नसतं तरी तो चौथ्या दिवशी स्वच्छच दिसला असता.

औषध फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं. कातडीखाली बसलेल्यावर आणि कवचातल्यावर कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, काही करत नाही. त्यामुळे सगळी कवचं फुटून पिल्लं बाहेर पडेपर्यंत औषध पाण्यात टिकवावं लागतं.

कवच साधारण तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत कधीही फुटतं, आणि प्रयोगशाळेत ७२ दिवसांनी पिल्लं निघाल्याचीही नोंद आहे. रिकाम्या टँकचा तो प्रसिद्ध ७६ दिवसांचा आकडा इथून आला: ७२ आणि वर थोडी सवलत.

तापमान वाढवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातून आलेला आहे. तिथला इच दिसायला सारखा असला तरी हा जीव नात्यानं त्याच्यापासून बराच दूरचा आहे, आणि खाऱ्या पाण्यातल्या इचला आपल्याकडचं २८-३० अंशांचं पाणी चांगलं मानवतं. वर गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तुम्ही आणखी गुदमरवता.

२. नेमका कोणता रोग आहे ते ओळखा

सकाळी लाइट लावायच्या आधी मोबाइलचा टॉर्च बाजूने, काचेला जवळजवळ चिकटवून तिरपा मारा. समोरून मारलेल्या उजेडात अर्धे ठिपके दिसतच नाहीत. पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनवर बघू नका, त्याच्या नारिंगी भागावर आणि पारदर्शक परांवर बघा.

इच: मिठाच्या कणाएवढे, सुटे सुटे, मोजता येतील असे ठिपके. परांवर आधी दिसतात. मासा दगडाला, वाळूला अंग घासतो. भूक बहुधा शाबूत असते. आज आठ ठिपके, परवा शून्य, पुढच्या आठवड्यात तीस, ही याची चाल.

व्हेल्वेट: अमायलोओडिनियम ओसेलॅटम. इथे ठिपके मोजताच येत नाहीत. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा बारीक थर दिसतो, तोही तिरप्या उजेडात. पण थर दिसण्याच्या आधी वागणूक बदलते. मासा पावरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड खुपसून उभा राहतो, उजेड टाळतो, कल्ले भराभर हलतात, खाणं सुटतं. हा रोग पहिल्यांदा कल्ल्यांत बसतो, म्हणून कित्येक मासे अंगावर काहीही न दिसता मरतात. एका कवचातून २५६ पर्यंत पिल्लं निघतात. इचमध्ये तुमच्याकडे विचार करायला आठवडा असतो. व्हेल्वेटमध्ये दोन-तीन दिवस मिळाले तरी नशीब.

ब्रूक्लिनेला: हा क्लाउनफिशचा खास शत्रू, विशेषतः समुद्रातून पकडलेल्या क्लाउनचा. ठिपक्यांऐवजी अंगावर शेंबडासारखा पांढरट चिकट थर येतो आणि तो पापुद्र्यासारखा सुटू लागतो. यावर कॉपर चालत नाही. क्लाउनवर 'पांढरं काहीतरी' दिसलं म्हणून कॉपर सुरू करणाऱ्यांचा मासा इथेच हातातून जातो.

फ्लूक: हे चपटे कृमी. जिवंतपणी जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे दिसत नाहीत. मासा डोकं झटकतो, जांभया देतो, एखादा डोळा धुरकट होतो. गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवला की ते पांढरे होतात आणि तिळासारखे तळाशी पडतात. निओबेनेडेनिया जातीचे फ्लूक तर नुसत्या डोळ्यांनी सहज मोजता येतात.

आणि एक गोंधळ टाळा. परांच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत पांढरी गाठ दिसली आणि ती आठवडाभर जागची हलली नाही, तर तो लिम्फोसिस्टिस असण्याची शक्यता जास्त. तो विषाणूजन्य आहे. त्यावर कॉपर नको, औषधच नको. चांगलं खाणं, चांगलं पाणी आणि कमी ताण.

इच की व्हेल्वेट हे ठरत नसेल तर व्हेल्वेट समजून चाला. उलटी चूक महागात पडते.

३. सामान

रोग आल्यावर हे सामान शोधत फिरायची वेळ येऊ नये. मरीन टँक लावतानाच घेऊन माळ्यावर टाका.

- ४० ते ६० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, धान्य-पाणी साठवण्याच्या दर्जाचे, आधी साबण-फिनेल न लागलेले
- काचेचा एक साधा टँक, ८०-१०० लिटरचा, कॉपरच्या उपचारासाठी
- दोन स्पंज फिल्टर. त्यातला एक कायम मुख्य टँकच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवलेला, म्हणजे त्यात जिवाणू तयार असतात
- एअर पंप, आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एक पंप
- हीटर आणि थर्मामीटर
- सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावण
- अमोनियाची टेस्ट किट
- कॉपर मोजायला डिजिटल चेकर
- हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो, माशांना लपायला
- वेगळी जाळी, वेगळा मग, वेगळा पाइप. यांवर लाल टेप गुंडाळा
- भरपूर सिंथेटिक मीठ आणि आरओडीआयचं (क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं) पाणी

घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, असं हमखास विचारतात. त्या यंत्रांत बहुधा मिनरल परत मिसळतात किंवा टीडीएस मुद्दाम शिल्लक ठेवतात. टीडीएस मीटर लावून बघा, मग ठरवा. समुद्राचं पाणी आणायचा मोहही उपचाराच्या काळात आवरा. पावसाळ्यात किनाऱ्याजवळची सॅलिनिटी खाली जाते, खाडीचं गढूळ पाणी मिसळतं, आणि नैसर्गिक पाण्यातून हेच परजीवी पुन्हा येऊ शकतात.

४. क्वारंटाइन टँक उभा करा

यात वाळू नको, दगड नको, कोरलबोन (मेलेल्या कोरलचे तुकडे) तर अजिबात नको. कॉपर अशा चुनखडी वस्तूंना चिकटतं आणि पाण्यातली मात्रा तुमच्या हाताबाहेर जाते. मुख्य टँकमध्ये औषध का टाकायचं नाही याचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं अर्धं म्हणजे कॉपर कोरल, श्रिंप, खेकडे, गोगलगाई, स्टारफिश सगळं मारतं. 'रीफ सेफ' (कोरलच्या टँकमध्ये चालेल असं) लिहिलेल्या बाटल्यांबद्दल माझं मत कडक आहे: जे श्रिंपला काही करत नाही ते इचलाही फारसं काही करत नाही.

क्वारंटाइन टँक मुख्य टँकपासून किमान दहा फूट लांब ठेवा, जमलं तर दुसऱ्या खोलीत. एअर स्टोनच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक थेंबांबरोबर व्हेल्वेटची पिल्लं प्रवास करतात. एका टँकमध्ये हात घातला की कोपरापर्यंत साबणाने धुऊन, पुसून, मग दुसऱ्यात.

या टँकमध्ये मासे परजीवीने कमी आणि अमोनियाने जास्त मरतात. तयार स्पंज फिल्टर नसेल तर दररोज अमोनिया मोजायची आणि पाणी बदलायची तयारी ठेवा. खाणं कमी द्या, उरलेलं दहा मिनिटांत काढा. हिवाळ्यात पुण्या-नाशिककडे टबातलं पाणी रात्रीत चार-पाच अंश उतरतं, म्हणून हीटर हवाच. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात उलट टेबल फॅन लावावा लागतो.

५. सगळे मासे बाहेर काढा

सगळे म्हणजे सगळे. ज्याच्यावर एकही ठिपका नाही तोसुद्धा. टँग, त्यातही पावडर ब्लू टँग, इचला पटकन बळी पडतो आणि अंगभर ठिपके दाखवतो. शेजारचा डॅमसेल कल्ल्यांत दोन-चार परजीवी घेऊन महिनोन्महिने धडधाकट फिरतो. तो एक मासा मागे ठेवलात तर पुढचे अडीच महिने वाया.

जाळी घेऊन दगडांमागे धावू नका, मासे दमून मरतात. अर्ध्याहून जास्त पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढा, दगड एकेक करून टबात ठेवा, मग उरलेल्या उथळ पाण्यात मासे अलगद मगात घ्या. टँगच्या शेपटीजवळ सुरीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो. मगच बरा. रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने मासे झोपेत असताना काम आणखी सोपं जातं.

६. उपचार निवडा

*अ) टब बदलण्याची पद्धत (फक्त इचसाठी)*

नवख्या माणसाने इचसाठी हीच पद्धत आधी करावी, असं माझं ठाम मत आहे. औषध लागत नाही, महागडा चेकर लागत नाही, मँडरिनसारख्या नाजूक माशालाही चालते. लागतं ते मीठ आणि शिस्त.

तत्त्व चक्रातूनच येतं. परजीवी मासा जास्तीत जास्त सात दिवसांत सोडतो आणि कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून मासा दर तीन दिवसांनी कोऱ्या टबात, कोऱ्या पाण्यात हलवायचा. जे परजीवी गळून पडले ते जुन्या टबात राहिले. त्यांची पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो.

वेळापत्रक असं:

- दिवस १: मासा पहिल्या टबात
- दिवस ४: दुसऱ्या टबात
- दिवस ७: पहिल्या, धुऊन कोरड्या केलेल्या टबात
- दिवस १०: दुसऱ्या, धुऊन कोरड्या केलेल्या टबात
- दिवस १३: स्वच्छ निरीक्षण टँकमध्ये

दोन बदलांमध्ये ७२ तासांपेक्षा एक तासही जास्त जाऊ देऊ नका. सोमवारी सकाळी आठला टाकलात तर गुरुवारी सकाळी आठच्या आत काढा. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी करू, हे चालणार नाही. नव्या पाण्याची सॅलिनिटी आणि तापमान जुन्याशी तंतोतंत जुळवा, म्हणजे मासा थेट उचलून ठेवता येतो. मासा मगात घ्या, पाणी होईल तितकं निथळू द्या, आणि जुन्या टबाचं पाणी नव्यात कमीत कमी जाऊ द्या. स्पंज, हीटर, एअर स्टोन, पीव्हीसीचे तुकडे यांतलं ओलं असं काहीही पुढच्या टबात न्यायचं नाही.

वापरलेला टब ब्लीचच्या पाण्याने धुवा, वास जाईपर्यंत खळबळा, आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. कोरडं होणं हा या कामाचा गाभा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे टॉवेल वाळत नाही तिथे स्पंज काय वाळणार! पावसाळ्यात उपचार करायची वेळ आली तर सामानाचे दोन वेगळे संच घ्या आणि धुतलेला संच पंख्याखाली ठेवा.

टब दर वेळी निर्जंतुक होत असल्याने फिल्टरमध्ये जिवाणू नसतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. खाणं निम्मं करा आणि अमोनिया बांधणारं कंडिशनर हाताशी ठेवा. ४० लिटरच्या टबासाठी पाच वेळा पाणी म्हणजे २०० लिटर, म्हणजे सात-आठ किलो मीठ. हिशेब आधीच करा. दहाव्या दिवशी मीठ संपलं तर मागचे नऊ दिवस पाण्यात जातात.

व्हेल्वेटवर ही पद्धत भरवशाची नाही.

*आ) कॉपर (इच आणि व्हेल्वेट दोन्हींसाठी)*

इथे पहिला सापळा आकड्यांचा आहे. कॉपरचे प्रकार वेगळे आणि त्यांच्या मात्राही वेगळ्या. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं तांबं), म्हणजे कॉपर पॉवर किंवा कॉपरसेफ या बाटल्या, साधारण २.० ते २.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर ठेवतात. क्युप्रामीनची मात्रा ०.५. साध्या कॉपर सल्फेटच्या मुक्त कॉपरची ०.१५ ते ०.२०. एका प्रकारची मात्रा दुसऱ्याला लावली तर एकतर मासा मरेल किंवा परजीवी मजेत राहील. बाटली कुठल्या प्रकारची आहे हे कळलं नाही तर ती वापरू नका.

दुसरा सापळा मोरचूद. कृषी केंद्रात किलोने मिळतं, बागायतदार बोर्डो मिश्रणाला वापरतात, मग आपल्याला का नको? हिशेब करून बघा. मोरचुदात साधारण पाव भाग तांबं असतं. १०० लिटर पाण्यात ०.२० मात्रा आणायला लागतं सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद. घरच्या काट्यावर हे वजन येतच नाही. त्यात शेतीच्या दर्जाच्या मालात आणखी काय काय आहे ते कोणी लिहून देत नाही, आणि मुक्त कॉपर पाण्यात रोज घटत राहतं. प्रमाण जरा चुकलं की सकाळी मासे तरंगताना दिसतात. पिशवी बागेतच राहू द्या.

करायचं असं: चिलेटेड कॉपर घ्या. इच असेल तर मात्रा चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा, मासा खातोय ना हे बघत. खाणं थांबलं तर एक दिवस तिथेच थांबा. एकदा २.२५ च्या आसपास आलात की तिथून सलग ३० दिवस. रोज मोजा. दोनच्या खाली उतरलं तर दिवस पुन्हा एकपासून मोजा, यात सवलत नाही. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधी कॉपर मिसळा, मोजा, मग ओता. मोजायला रंग जुळवायच्या पट्ट्यांपेक्षा हॅना कंपनीचा हाय रेंज चेकर बरा, तो ० ते ५ पीपीएम (म्हणजे मि.ग्रॅ. प्रति लिटरच) दाखवतो, २.० आणि २.५ मधला फरक निळ्या छटेवरून डोळ्यांना कळत नाही.

व्हेल्वेट असेल तर चार-पाच दिवसांची ऐश नाही. आधी पाच मिनिटं गोड्या पाण्याची आंघोळ: आरओडीआयचं पाणी, तापमान टँकइतकंच, चिमूटभर खाण्याच्या सोड्याने पीएच वर आणलेला, एअर स्टोन चालू. याने रोग जात नाही, कल्ल्यांवरचा भार कमी होतो आणि श्वास सुटतो. मग मासा थेट कॉपरच्या टँकमध्ये, आणि एक ते दोन दिवसांत पूर्ण मात्रा. टँक अंधारात ठेवून व्हेल्वेट मारायचा उपाय गोड्या पाण्यातला आहे. तिथला व्हेल्वेट उजेडावर जगू शकतो, हा जगत नाही.

कॉपरबरोबर अमोनिया बांधणारं कंडिशनर कधीही टाकू नका. ते कॉपरचं रूप बदलतं आणि माशासाठी ते जास्त विषारी होतं. अमोनिया चढला तर पाणी बदला, दुसरा मार्ग नाही. फिल्टरमधला कार्बनही काढून ठेवा, तो कॉपर शोषतो. ३० दिवस संपल्यावर कॉपर काढायला तोच उपयोगी पडतो. शार्क, रे यांना कॉपर चालत नाही. लायनफिश, पफर, मँडरिन, बरेचसे रास (wrasse) आणि बुटके एंजल हे मासे कॉपरला नाजूक. त्यांच्याबाबतीत आणखी सावकाश जा, किंवा इच असेल तर टब बदलण्याची पद्धत वापरा.

*इ) सॅलिनिटी उतरवणं (फक्त इच)*

पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००९ वर, म्हणजे १२-१३ पीपीटीला, दोन दिवसांत उतरवून ३० दिवस ठेवायचं. हाडांचे मासे (शार्क-रे सोडून बाकीचे) हे बरेचदा सहन करतात. पण १.०११ झालं तर उपचार फसतो, आणि तरंगत्या काट्याचे प्लास्टिक हायड्रोमीटर एवढी अचूकता देत नाहीत. शिवाय कमी सॅलिनिटीला जुळवून घेतलेले इचचे वाण सापडलेले आहेत. परत चढवताना रोज दोन पीपीटीहून जास्त नको. उतरणं माशाला सोपं, चढणं अवघड. व्हेल्वेटवर उपयोग शून्य.

*ई) बाकीचे*

फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल, २.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर, आणि अंड्यांतून निघालेले मारायला पाच ते सात दिवसांनी पुन्हा तेवढंच. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत हे असतं, पण सोबत आणखी दोन औषधं असतात; त्या गोळ्या टँकमध्ये नकोत. प्राझी टाकल्यावर हवा वाढवा.

ब्रूक्लिनेलासाठी फॉर्मेलिनची आंघोळ हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, पण आपल्या गरम पाण्यात मात्रा हात राखून ठेवावी लागते: लिटरला ०.१५ मिली, जास्तीत जास्त अर्धा ते पाऊण तास, जोरात हवा, आणि मासा डोळ्यांसमोर. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती फेकायच्याच लायकीची, तो साका माशाला फार विषारी असतो. फॉर्मेलिन माणसासाठीही कर्करोगकारक आहे. बंद खोलीत, हातमोजे-चष्म्याशिवाय, घरात लहान मूल असताना हे करू नका. पहिल्यांदा करत असाल तर माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून करा.

क्लोरोक्विन फॉस्फेटचं नाव वाचायला मिळेल. व्हेल्वेटवर ते चालतं. पण आपल्याकडे ते माणसांचं, डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे, आणि घरात ठेवायला धोक्याचं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एका माणसाने माशांच्या टँकसाठी आणलेलं क्लोरोक्विन करोनाच्या भीतीने पोटात घेतलं आणि तो दगावला. तुमच्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'माशांचं औषध, विष' असं लिहा आणि ती स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

७. मुख्य टँक ७६ दिवस माशांविना

मासे क्वारंटाइनमध्ये, आणि मुख्य टँकमध्ये फक्त कोरल, श्रिंप, गोगलगाई. लाइट, पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नेहमीसारखे. श्रिंपसाठी दोन-चार दिवसांनी चिमूटभर खाणं टाका, त्याने फिल्टरचे जिवाणूही उपाशी राहत नाहीत. पाणी बदलणं चालू ठेवा, वाळू सायफन करा.

पाणी सतत २७ अंशांवर ठेवून ४५ दिवसांवर थांबणारे लोक आहेत. मी ७६ च धरते. अडीच महिन्यांच्या कामात शेवटच्या चार आठवड्यांची घाई कशाला?

या काळात दुकानातून एखादा नवा कोरल आणून टाकलात तर त्याच्या बुडाशी कवच चिकटून येऊ शकतं, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. घरच्यांना, विशेषतः 'टँक किती ओका दिसतोय' म्हणणाऱ्या पाहुण्यांना, हे समजावून ठेवा. एखादा काका प्रेमाने डॅमसेल घेऊन येतोच.

८. मासे परत सोडताना आणि नवे घेताना

उपचार संपला की मासे लगेच मुख्य टँकमध्ये जात नाहीत. ७६ दिवस पुरे होईपर्यंत क्वारंटाइनमध्येच, आता औषधाविना, नेहमीच्या खाण्यावर. या दिवसांत पुन्हा एकही ठिपका दिसला तर उपचार नव्याने. सोडताना सगळे एकाच दिवशी सोडा, नाहीतर जो आधी जातो तो टँकचा मालक होतो आणि मागून आलेल्याला झोडपतो.

नवा मासा घेताना दुकानात तीन गोष्टी विचारा: किती दिवस झाले आलेला, टँकमध्ये कॉपर आहे का, आणि माझ्यासमोर खायला घालाल का. बरीच दुकानं पाण्यात थोडं कॉपर कायम ठेवतात. त्याने रोग दबतो, जात नाही; घरी कॉपरविना पाण्यात आल्यावर आठवड्याभरात ठिपके फुलतात. म्हणून दुकानात महिनाभर राहिलेल्या माशालाही क्वारंटाइन चुकत नाही. हॅचरीत वाढवलेला क्लाउन मिळत असेल तर समुद्रातून पकडलेल्यापेक्षा तोच घ्या; खाण्याला सरावलेला असतो आणि ब्रूक्लिनेला आणण्याची शक्यता कमी. एकाच सिस्टिमचं पाणी सगळ्या टँकमधून फिरतं अशा दुकानात एका टँकमध्ये जरी मेलेला मासा तरंगताना दिसला तरी त्या दिवशी खरेदी करू नका.

घरी आणल्यावर पिशवी क्वारंटाइन टँकवर तरंगवून तापमान जुळवा, सॅलिनिटी मोजा, मासा मगाने उचलून टँकमध्ये ठेवा, आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.